घर क्रमांक तीनची उत्तर भिंत

११ जानेवारी

धाकट्या,

वर आशीर्वाद लिहायचा की नुसती हाक मारायची, यात माझा पाव तास गेला. अकरा वर्षं ज्याला एक ओळ लिहिली नाही त्याला एकदम आशीर्वाद पाठवणं म्हणजे न बोलावता पंगतीला जाऊन बसणं. म्हणून हाक मारली आहे. ओ द्यायची की नाही ते तू ठरव.

पत्राचं कारण कामाचं आहे. आपलं तीन नंबरचं घर जाळायचं ठरलंय. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, वारा पडलेला दिवस बघून. आग लागणार नाही, लावणार. तू रचलेलं छप्पर आणि मी लिंपलेल्या भिंती, दोन्ही एकदम.

कुणाला वेड लागलेलं नाही. तेरा वर्षांत खांबांचे बुंधे कुजले, दाराची चौकट तिरकी झाली, आणि पाहुण्यांना आत सोडणं आता धोक्याचं झालं. आपलं हे जुन्या काळचं गाव अजून बाईच चालवतात; त्या म्हणाल्या, पाडायचंच आहे तर जाळून पाडू. जमिनीखाली हजार-बाराशे वर्षांपूर्वीची घरं सापडतात ती बहुतेक जळलेली असतात, आणि जळण्याआधी ती कशी होती हे सांगायला कुणी उरलेलं नसतं. आपलं घर कसं होतं ते आपल्याला वितीवितीने माहीत आहे. तेव्हा ते जाळायचं, राख थंड झाली की उत्खननात खणतात तसं खणायचं, आणि काय उरलं, कुठे उरलं, ते लिहून काढायचं. बाईंचे केस पार पांढरे झालेत, पण अशी कल्पना सुचली की अजून खुर्चीवर टिकत नाहीत.

दुसरी गोष्ट तुझ्याशी संबंधित आहे. राख चाळताना लोहारबुवा लोहचुंबक फिरवणार आहेत. मोहरीएवढा लोखंडाचा कण असला तरी सुटायचा नाही. म्हणजे आढ्याच्या सांध्यात तू आजकालचे स्क्रू पिळले होतेस की नव्हतेस, याचा एकदाचा सोक्षमोक्ष लागेल. तू म्हणालास, नाही. गाव तपासायला आलेल्या समितीसमोर मी म्हणाले, हो. छप्पर उचकटल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता, उचकटलं तर घर मोडणार होतं, म्हणून घर राहिलं आणि तू गेलास.

मला कुणाला खोटं पाडायचं नाही. निघेल ते निघेल. तुला आधी कळवावं एवढंच वाटलं.

इथलं बाकी ठीक. फाटकावरची पाटी नव्याने रंगवली: "जे तेव्हा नव्हतं, ते इथे वापरायचं नाही." पाहुणे पाटीखाली उभे राहून मोबाइलवर स्वतःचे फोटो काढतात. मी अजून चाक फिरवते, मडकी करून दाखवते, आणि "हे खरंच चुलीवर चालतं का?" या प्रश्नाला दिवसातून चाळीस वेळा "हो" म्हणते. लोहारबुवांचे गुडघे गेले, जीभ शाबूत आहे. तुझी ती घडीची शिडी सामानाच्या खोलीत अजून उभी आहे आणि अजून डुगडुगते. फेकून का देत नाहीत कोण जाणे.

खाली काय लिहायचं यात आणखी पाव तास घालवत नाही.

तीन नंबरची कुंभारीण


२ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, पण टपालवाला आला की हातातली माती चाकावर तशीच सोडून उठत होते, हे कबूल करते. तीन सुरया वाकड्या झाल्या.

तयारी जोरात आहे. घरात जे होतं ते सगळं जागच्या जागी जळणार. चूल, माग, दोन रांजण, भिंतीवरचा विळा, आणि उत्तर भिंतीला टेकलेली ती मोठी कणगी, जिच्यात आपण धान्य म्हणून भुसा भरून ठेवायचो. मी बाईंना म्हटलं, कणगी दक्षिणेला हलवू या, उत्तरेला जागा अडते. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तेरा वर्षं तिथे अडली नाही ती आता कशी अडायला लागली?" मी कणगीतला भुसा हाताने सारखा केला.

मग म्हटलं, खणायला सुरुवात दक्षिणेकडून करू या, उत्तर भिंत राहिली तर राहू दे, तिथे विशेष काही नाही. तेव्हा मात्र त्या हसल्या. "अहो, सगळं जग तुमची उत्तर भिंत बघायला येतं आणि तुम्ही म्हणता विशेष काही नाही?"

तुला हे ठाऊक नसेल. तू गेल्यावर माझं नाव झालं. पावसाचा मारा उत्तरेकडून येतो, आणि इथल्या प्रत्येक कुडाच्या घराची उत्तर भिंत तीन वर्षांच्या आत बसते. तीन नंबरची बसली नाही. बाईंनी त्यावर निबंध लिहिला. दोन भाग माती, एक भाग पेंढा, अर्धा भाग शेण, मूठभर राख, याला आता "कुंभारणीचं मिश्रण" म्हणतात. आपल्यासारखी जुनी गावं उभी करणारे लोक लांबून येऊन माझ्याकडून ते शिकून गेले. सात ठिकाणी माझ्या मापाने भिंती उभ्या राहिल्या. त्यातल्या पाच जणांची पत्रं आली की, ताई, आमची भिंत बसली, आमचं काय चुकलं? मी प्रत्येकाला उलट विचारते, "माती किती दिवस मुरवलीत?" ते बिचारे आपलंच चुकलं समजून पुन्हा मुरवत बसतात.

परवा नव्या तुकडीला लिंपण शिकवत होते. पहिला थर ओला असताना त्यावर चारी बोटांनी रेघा ओढायच्या, म्हणजे दुसरा थर त्या रेघांना धरून राहतो, हे सांगितलं. एकजण म्हणाला, सुतारांनाही हे करावं लागायचं का? लोहारबुवा मागून म्हणाले, "आमच्याकडे एक सुतार होता, साडेचार नावाचा. तो लिंपायला बसला की रेघा मोजून घ्याव्या लागायच्या, एक कमी भरायची." सगळे हसले. मीही हसले. तुला 'साडेचार' हे नाव त्यांनीच ठेवलं होतं ना? उजव्या हाताची अनामिका अर्धी, म्हणून हाताला साडेचार बोटं. करवतीत गेलं असं सगळे समजायचे, तू कधी खोडून काढलं नाहीस. सुताराला शोभतंही ते.

बाईंनी नोंदवही आखली आहे. सापडलेल्या प्रत्येक तुकड्याला क्रमांक, आणि पुढे पाच रकाने: काय आहे, कुठे सापडलं, कशाचं आहे, कुणी केलं, हेतू. शेवटचा रकाना रिकामा सोडायचा, अशी त्यांची सक्त ताकीद आहे. "वस्तू सापडते, हात सापडतो, हेतू सापडत नाही," असं त्या दर वर्षी नव्या तुकडीला सांगतात. मग तो रकाना आखतात कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, आपल्याला काय कळत नाही याची आठवण राहावी म्हणून.

कुंभारीण


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. मी सात पानं लिहिली, तू सात शब्द. "आढं उत्तरेला पडेल. लोकांना दक्षिणेला उभं कर."

कशी आहेस नाही, काय चाललंय नाही. आढं उत्तरेला पडेल! उंटावरून शेळ्या हाकायची सवय गेली नाही तुझी. मी ते कार्ड बाईंना दाखवलं. त्यांनी नोंदींचं टेबल नेमकं उत्तरेलाच मांडायचं ठरवलं होतं, सावली असते म्हणून. कार्ड दोनदा वाचून म्हणाल्या, "त्याने बांधलंय, त्याला कळणार." आणि टेबल दक्षिणेला नेलं. ज्या माणसाला खोटारडा म्हणून घालवलं त्याच्या सात शब्दांवर टेबल हलतं, ही गंमत त्यांच्या लक्षात आली की नाही, मला कळलं नाही.

कार्डावर पत्ता नव्हता, पण शिक्क्यावरून शहर कळलं. म्हणजे आईच्या शेवटच्या दुखण्यात तू सांगितलेल्या ज्या पत्त्यावर मी ही पत्रं टाकते, तिथेच आहेस. सांगितलंस म्हणजे मला नाही, मावशीला. आईच्या उशाशी आपण दोघं अख्खा दिवस बसलो आणि एकमेकांना पाण्याचा पेलासुद्धा मावशीच्या हातून दिला.

तू येण्याच्या आदल्या दिवशी आईने मला विचारलं होतं. "त्याने खरंच लावले होते का गं ते स्क्रू?" मी म्हटलं, हो आई. ती बराच वेळ छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लहानपणी तर कधी खोटं बोलला नाही. एकदाच बोलला असेल." कधी, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं कधी.

तो समितीचा दिवस तुला आठवत असेल. तीन माणसं आली होती. बाकी सगळ्या घरांच्या भिंती दुसऱ्या पावसात बसल्या आणि हे एकच घर ताठ उभं, यात काही काळंबेरं आहे, असं त्यांच्या कानावर घातलं होतं कुणीतरी. त्यांतल्या बुटक्याने खिशातून चाकू काढला आणि म्हणाला, दारापासून सुरुवात करून भिंती खरवडून बघू. तेव्हा मी ओच्यातून तो स्क्रू काढून त्याच्या तळहातावर ठेवला. म्हटलं, मधल्या खांबाखाली सापडला. वर आढ्याकडे बोट केलं.

चाकू परत खिशात गेला. तू वर बघितलंस, मग माझ्याकडे. म्हणालास, "मी स्क्रू लावलेला नाही." एवढंच. आणखी काही बोलशील असं मला वाटलं होतं. काय, ते आज नीट आठवत नाही.

काही गोष्टी लिहायला घेतल्या की पेन अडतं. आज इतकंच.

कुंभारीण


६ मार्च

धाकट्या,

आज जाळलं.

सकाळी दहा वाजता बाईंनी चुलीतल्या निखाऱ्यावरून पलिता पेटवला. काडेपेटी नको म्हणाल्या, पाटीला जागल्या. तीन मिनिटांत गवताने पेट घेतला. आठव्या मिनिटाला आतली उष्णता मडकी भाजायच्या भट्टीपेक्षा वर गेली होती. मी घड्याळ धरून बसले होते, माझं काम आकडे ओरडून सांगायचं होतं, ते मी नीट केलं. लोक म्हणतात वाईट वाटलं असेल. खरं सांगते, काही वाटलं नाही. भट्टी पेटली की मी भट्टीच बघते, आतल्या मडक्यांचा विचार करत नाही.

चौदाव्या मिनिटाला आढं गेलं. उत्तरेला. पूर्वेचा, आढं तोलणारा मेढीचा खांब आधी बसला, आढं अर्धं वळलं आणि कणगीवर आडवं पडलं. नोंदींचं टेबल आधी जिथे मांडणार होते तिथे जळते वासे येऊन पडले. लोहारबुवा म्हणाले, "साडेचारने वाचवलं रे!" मग आपलंच बोलणं ऐकू आल्यासारखं त्यांनी चुंबकाची पिशवी उगाच उघडून बंद केली.

पंचविसाव्या मिनिटाला छप्पर नव्हतं. भिंती उभ्या होत्या. आढं मात्र उत्तर भिंतीला टेकून कणगीतल्या भुशासकट संध्याकाळपर्यंत धुमसत होतं. बाई खूश. म्हणाल्या, "उत्तर भिंत छान भाजून निघणार. तुमचं मिश्रण आता हजार वर्षं टिकेल."

मी घरी येऊन केस धुतले. धूर दोनदा धुऊनही जात नाही.

कुंभारीण


११ मार्च

धाकट्या,

चार दिवस चाळलं. लोहारबुवांनी प्रत्येक चाळणीवर चुंबक दोनदा फिरवला, आणि आढं पडलं तिथली राख तर तीनदा. लोखंडाच्या चार वस्तू निघाल्या: विळा, सुरी, चुलीवरची साखळी, दाराची कडी. चारही त्यांनीच घडवलेल्या. त्यांनी त्या आपली पोरं ओळखावीत तशा ओळखल्या. आढ्याच्या सांध्यातून तुझ्या लाकडी मेखांची छिद्रं निघाली, कोळसा झालेली, दहाच्या दहा.

स्क्रू नाही. एकही नाही.

बाई वही मिटून म्हणाल्या, "म्हणजे तो खरं बोलत होता." माझ्याकडे बघून नाही म्हणाल्या, पण मी शेजारीच होते. लोहारबुवा मला म्हणाले, "ताई, माणूस आहे, चुकतो. तुम्हाला सापडला तो स्क्रू दुसऱ्या कशाचा तरी असणार. तुम्हाला तेव्हा काय माहीत!"

मला तेव्हा माहीत होतं. तो स्क्रू तुझ्या घडीच्या शिडीचा होता. तिसऱ्या पायरीला डाव्या बाजूचा. शिडी वापरायची परवानगी सगळ्यांना होती, वरून पडून मेलेला सुतार कुणालाच नको होता. तू वर चढलास तेव्हा पायरी डुगडुगली, तू मला म्हणालास, ताई, खाली काही पडलं का बघ. मी उचलून ओच्यात टाकला, देते म्हटलं, विसरले. दोन दिवसांनी समिती आली. अकरा वर्षं सामानाच्या खोलीत जाताना मी त्या शिडीच्या उजव्या बाजूने जाते.

आता उरलेलं. हे मी कधी कुणाला लिहिलेलं नाही.

दुसऱ्या पावसाच्या शेवटी उत्तर भिंत बसली होती. सगळी नाही, कणगीच्या मागे, दोन हात रुंद आणि कमरेइतकी. बांधताना मी माती मुरू दिली नव्हती. आठ दिवस हवे होते, तीन दिवसांत काढली, कारण तुझं छप्पर व्हायच्या आधी माझ्या भिंती व्हायला हव्या होत्या. तू काही शर्यत लावली नव्हतीस, मीच लावली होती. भिंत बसलेली सगळ्यांत आधी मीच बघितली, आणि बाई बघायच्या आत नीट करायची ठरवली. फाटकाबाहेर पाहुण्यांसाठी शौचालय बांधत होते. तिथून दोन घमेली सिमेंट आणलं. मातीत कालवलं. भिंत दगडासारखी झाली.

बाहेरून मी त्याच दिवशी मातीचा हात फिरवला. आतला भाग तसाच राहिला, राखाडी, कणगीच्या मागे. दुसऱ्या दिवशी करू म्हटलं, पाहुण्यांची गर्दी झाली. मग समिती येणार असं कळलं. आदल्या दिवशी संध्याकाळी मी मातीचं घमेलं घेऊन गेले तर तो भाग झाकलेला होता. कणगीमागच्या अंधारात नीट दिसलं नाही, हाताला ओला, ताजा लागला. नेहमीच्या लिंपणाच्या फेरीत कुणीतरी हात फिरवून गेलं असेल, असं म्हटलं. सुंठीवाचून खोकला गेला. कोण ते विचारलं नाही, विचारलं असतं तर तिथे काय होतं तेही सांगावं लागलं असतं. तरी दुसऱ्या दिवशी त्या बुटक्याने चाकू काढला आणि माझी पाचावर धारण बसली. ताजा थर एका खरवडीत निघाला असता. ओच्यात स्क्रू होता.

एवढंच आहे ते सगळं. तुझी नोकरी, आईचं ते छताकडे बघणं, आणि पाच गावांतली पाच घरं, सगळं दोन घमेली सिमेंटपायी.

भाजलं की माती लाल होते. सिमेंट राखाडी राहतं आणि त्याचा भुगा होतो. उद्या उत्तर भिंत उतरवणार आहेत. बाईंना आज सांगायचं ठरवून त्यांच्या खोलीपाशी गेले होते. त्या म्हणाल्या, काय हो? मी म्हटलं, उद्या ऊन आहे, टोप्या आणायला सांगा सगळ्यांना.

तुझ्याजवळ खोटं बोलून झालं, आईजवळ बोलून झालं. निदान या पत्रात नाही.


१५ मार्च

धाकट्या,

मागचं पत्र टाकलं आणि परत काढता आलं असतं तर काढलं असतं. पेटी उघडायची वेळ विचारूनसुद्धा आले.

बारा तारखेला भिंत उतरवली. कणगीच्या मागचा भाग माझ्याच वाट्याला आला. बाईंनी मानाने दिला. दर वर्षीच्या लिंपणाचा एक असे थर होते, कांद्याच्या पापुद्र्यासारखे सुटे झालेले आणि विटेसारखे लाल. मी एकेक उचलून फळीवर मांडत होते. सर्वांत आत राखाडी भुगा होता. बोट लावलं तर कोसळला. बाई पलीकडेच उभ्या होत्या. त्या बघत होत्या. त्यांनी आयुष्यभर मातीच बघितली आहे; ही माती नाही, हे त्यांना कळलं असणार.

त्या भुग्याला लागून जो पहिला थर होता, म्हणजे समितीच्या आदल्या दिवशी कुणीतरी दिलेला, त्याचा हाताएवढा तुकडा अखंड निघाला. मी उलटा करून झाडला आणि उजेडात धरला. पेंढा फार घातलेला. कुंभार इतका घालत नाही. वर बोटांच्या रेघा, दुसरा थर धरून राहावा म्हणून ओढलेल्या, वरपासून खालपर्यंत, घाईने.

दोन रेघा, मध्ये मोकळी जागा, मग एक रेघ. पुन्हा दोन रेघा, मोकळी जागा, एक रेघ. सगळ्या तुकड्यावर तेच.

मी तिथेच राखेत बसले.

तू बघितलं होतंस. कणगी सरकवून बघितलं होतंस, काय आहे ते कळलं होतं तुला, आणि मला एक शब्द न विचारता घमेलं घेऊन बसला होतास. आणि दुसऱ्या दिवशी मी बोट आढ्याकडे केलं तेव्हा तू त्या चाकूवाल्याला 'कणगीच्या मागे बघा' एवढं म्हणाला असतास तरी सुटला असतास. "मी स्क्रू लावलेला नाही," एवढंच म्हणालास. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, अशी माणसं मी पुष्कळ बघितली, आरशात रोज बघते. दुसऱ्याचं झाकून स्वतः बाहेर जाऊन उभा राहिलेला एकच.

तू सात वर्षांचा असताना भांडणात मी दार धाडकन लावलं आणि तुझं बोट चौकटीत राहिलं. आई धावत आली तर तू रडत म्हणालास, मीच लावलं. ते तुझं एकुलतं एक खोटं. त्या अर्ध्या बोटामुळेच मला तुझा हात ओळखता आला. याचं काय करायचं ते मला कळत नाही.

मी बाईंना सांगितलं. उभ्या उभ्या, सगळ्यांसमोर, कारण त्यांच्या खोलीत परत टोप्यांचा विषय निघाला असता. सिमेंट, शिडी, स्क्रू, सगळं. लोहारबुवा गुडघे दुखत असून खाली बसले. बाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "निबंध मागे घ्यावा लागेल," म्हणाल्या. मग, "त्या सातही गावांना तुम्ही स्वतः लिहायचं. तुमच्या हाताने." मग बऱ्याच वेळाने, "मीही त्याला छप्पर न उघडताच घालवलं होतं." यंदा मला भिंतींना हात लावायचा नाही, चाकही नाही, नुसतं शेण-माती तुडवायची. ते ठीक आहे. मी स्वतःला जी शिक्षा दिली असती त्यापेक्षा कमीच दिली.

सात पत्रं लिहून झाली. त्या पाचजणांना लिहिलं की तुमचं काहीच चुकलं नव्हतं. हे आठवं.

नवं घर त्याच जागी बांधणार आहेत. खड्डे जुनेच खोल करायचे, आढं नवं. बाई म्हणाल्या, सुतार कोण ते अजून ठरवलेलं नाही, आणि तुझा पत्ता माझ्याकडून उतरवून घेतला. त्या लिहितील तुला. मी ये म्हणत नाही, तो अधिकार मी घालवला. माती मात्र आजपासून मुरत घातली आहे, आठ नाही, वीस दिवस.

संध्याकाळी नोंदवही माझ्याकडे आली. चारशे बारा क्रमांकाचा तुकडा. काय आहे: भाजलेलं लिंपण, पहिला थर. कुठे सापडलं: उत्तर भिंत, कणगीमागे. कशाचं आहे: माती, पेंढा जास्त. कुणी केलं: सुतार, उजवा हात, अनामिका अर्धी. पाचव्या रकान्याशी मी थांबले नाही, लिहीत गेले. बाई खांद्यावरून वाकून म्हणाल्या, "तो रिकामा ठेवायचा असतो. हेतू आपल्याला कधी सापडत नाही."

मी म्हटलं, "हा सापडलाय." त्यांनी वाचलं. खोडायला सांगितलं नाही.

तिथे लिहिलं आहे: बहिणीला वाचवण्यासाठी.

तुझी
ताई